दोन वर्षं नुसती पानं : स्वीट रॉकेट कोल्हापुरात का फुलत नाही

प्रश्न थोडक्यात असा. ताराबाई पार्कातल्या एका ताईंची लेक इंग्लंडला असते. तिथं ओढ्याकाठी आणि कुंपणांच्या कडेनं मे-जूनमध्ये फुलणारं एक रानफूल तिला फार आवडलं. जांभळी नाहीतर पांढरी फुलं, चार पाकळ्या, आणि संध्याकाळ झाली की घमघमाट. नाव स्वीट रॉकेट. येताना तिनं त्याचं बी आणलं. ताईंनी गच्चीवर दोन वर्षांत दोनदा पेरलं. उगवण झकास, पानं टवटवीत, पण फूल म्हणाल तर एक नाही. दुकानदारानं आधी १९:१९:१९ खत दिलं, मग ०:५२:३४ दिलं (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण), शेवटी कसलंसं ‘फुलाचं टॉनिक’. आता त्या विचारतात, ‘नक्की कुठलं खत कमी पडतंय? आणि पन्हाळ्यावर आमची थोडी जागा आहे, तिथं बी टाकलं तर येईल का?’

ताई, तुमच्या झाडाला खत कमी पडत नाही. त्याला हिवाळा मिळालेला नाही. ०:५२:३४ चं पोतं रिकामं केलंत तरी ते फुलणार नाही, कारण फुलायचं की नाही हे ते खतावरून ठरवत नाही, थंडीचे दिवस मोजून ठरवतं. ते दिवस आपल्याकडे भरतच नाहीत. पन्हाळ्याचं शेवटी सांगतो, पण तिथं मात्र बी टाकू नका, एवढं आत्ताच मनाशी धरा.

तुमच्या गच्चीत आहे ते खरंच स्वीट रॉकेट आहे का, हे आधी बघू. शास्त्रीय नाव हेस्पेरिस मॅट्रोनॅलिस. हेस्पेरिस हे संध्याकाळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, वासाची वेळ नावातच आहे. तिकडे त्याला डेम्स रॉकेट असंही म्हणतात. या रॉकेटचा आकाशात जाणाऱ्या रॉकेटशी काही संबंध नाही. हॉटेलात पिझ्झ्यावर पसरतात ती अरुगुलाची पानं इंग्रजीत ‘रॉकेट’ म्हणून ओळखली जातात, तो शब्द लॅटिनमधल्या ‘एरुका’वरून फ्रेंचमार्गे आलेला. उत्तर हिंदुस्थानात तेलासाठी तारामिरा पेरतात, तेही तेच झाड. स्वीट रॉकेट त्याचं चुलत भावंडं, खायचं नव्हे. कोवळी पानं कुणी कुणी खातात, पण कडू लागतात.

दोन्ही मोहरीच्या कुळातली. हे कुळ ओळखायला पुस्तक लागत नाही. आपल्या शेतातलं मोहरीचं किंवा मुळ्याचं एक फूल तोडा आणि नखानं पाकळ्या बाजूला करा. चार पाकळ्या अधिक चिन्हासारख्या समोरासमोर. आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन ठेंगणे. चार थोरले, दोन धाकटे, हा हिशेब जुळला की समजायचं मोहरीचंच घराणं. मग शेंग बघा. पिकल्यावर दोन्ही साली खालून वर उकलतात, मधे कागदासारखा पातळ पडदा राहतो आणि त्याच्या कडेला बी चिकटलेलं असतं.

हे एवढं सांगतोय कारण आपल्याकडे दोन घोळ नेहमी होतात. पहिला फ्लॉक्सचा. स्वीट रॉकेट लांबून फ्लॉक्ससारखंच दिसतं, पण फ्लॉक्सला पाकळ्या पाच. दुसरा तिळवणीचा. पावसाळ्यात पंचगंगेच्या काठानं, उसाच्या बांधावर, चिकट पानांची आणि पिवळ्या फुलांची जी पिवळी तिळवण माजते तिला कुणी कुणी रानमोहरीच म्हणतात. पाकळ्या चार, शेंगा लांबट, बीही फोडणीत टाकतात काही ठिकाणी. पण पुंकेसर मोजा, सहापेक्षा बरेच जास्त निघतात. तिचं कुळ वेगळं, मोहरीच्या अगदी शेजारचं. सोयरीक आहे, आडनाव वेगळं.

तुमच्या पानांचं वर्णन (लांबट, टोकदार, कडेला बारीक दाते, हाताला खरखरीत लव) स्वीट रॉकेटशी जुळतंय. पाकीट बरोबर आहे असं धरून पुढं जातो. पाकीट चुकीचं निघण्याची गोष्टही मजकडे आहे, ती ओघात येईल.

आता मुख्य मुद्दा. हे समजायला विलायतेला जायची गरज नाही, कोबी पुरे.

आमचा मूळचा मळा नदीकाठचा, काळ्या रानातला. लहानपणापासून कोबीचे गड्डे काढतोय, पण कोबीला फूल आलेलं आमच्या वडिलांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. बी दर वर्षी पुड्यातून यायचं. ते कुठनं येतं हा प्रश्न आम्हा कुणाला पडला नाही. मी उमेदीत एक हंगाम हिमाचलात, कुलू खोऱ्यात, बियाण्याच्या शेतावर कामाला होतो. तिथं पहिल्यांदा बघितलं. गड्डे शेतातच ठेवतात, ते अख्खा हिवाळा काढतात, अंगावर बर्फ घेतात. थंडी सरली की कामगार हातात सुरी घेऊन ओळीनं निघतात आणि प्रत्येक गड्ड्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी चीर देतात, आतला दांडा बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून. मग त्या चिरेतून कमरेएवढा दांडा उठतो आणि सगळं रान पिवळं होतं. मी त्या पिवळ्या रानात उभा राहून बराच वेळ नुसता बघत होतो. माझ्याबरोबरचा मुकादम हसला. त्याला वाटलं, ह्या गड्यानं मोहरी कधी बघितली नाही. मोहरी बघितली होती हो, कोबी बघितला नव्हता.

याला वसंतीकरण म्हणतात. शून्य ते दहा अंशांच्या दरम्यानची थंडी काही आठवडे सलग मिळाल्यावरच झाड फुलायला तयार होतं. थंडी ओळखतो तो शेंडा, म्हणजे पानांच्या झुबक्याच्या मधोमध दडलेला कोंब. मोहरीच्याच कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं वीतभर तण आहे, ज्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, वनस्पतींमध्ये सगळ्यात आधी, २००० साली, वाचून झाला. त्यात या प्रकाराचा उलगडा झाला. फुलोऱ्याला आवर घालणारा एक जीन (जनुक) असतो, एफएलसी त्याचं नाव. तो जागा आहे तोवर झाड पानंच काढत राहतं. थंडीचे आठवडे जात जातात तसा तो गप्प होत जातो, आणि पुरता गप्प झाला की दांडा उठतो. कोबीतही तसलेच जीन आहेत. हे झाडाच्या फायद्याचंच आहे म्हणा. युरोपात एखाद्या झाडानं ऑक्टोबरच्या उबदार आठवड्यात फसून फूल काढलं, तर पुढच्या बर्फात सगळं जळून जाईल. म्हणून हिवाळा खरोखर होऊन गेला याची खात्री पटल्याशिवाय ते हलत नाही.

कुळातल्या सगळ्यांनाच एवढी थंडी लागते असं मात्र नाही. आपल्या मुळ्याचंच बघा. पुसा चेतकीसारखा आशियाई मुळा आपल्या सपाटीला फुलतो आणि त्याचं बीही इथंच होतं. युरोपी मुळ्याचं बी करायचं तर डोंगरात जावं लागतं. मोहरी आणि अळीव तर हिवाळी हंगामात पेरून त्याच हंगामात मोकळे. तेव्हा ‘मोहरीच्या कुळातलं आहे आणि मोहरी तर आपल्याकडे येते’ हा तुमच्या लेकीचा तर्क चुकीचा नव्हता, फक्त सोयरा चुकला. स्वीट रॉकेट स्वभावानं कोबीच्या बाजूचं. पहिल्या वर्षी पानांचा झुबका, हिवाळा काढायचा, दुसऱ्या वर्षी दोन ते चार फुटांचा दांडा आणि फुलं.

आता आपल्या थंडीचा हिशेब करा. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण पंधराच्या आसपास, आणि दुपारी तोच तिशीकडे. रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणारे कानटोपी घालतात ते खरं, पण दहाला सगळे सदऱ्यावर येतात. चौदा-पंधरा अंशांत वसंतीकरण झालंच तर फार सावकाश होतं, आणि दुपारचं ऊन झालेलं काम पुसत राहतं. थंडी मिळालेल्या झाडाला लगेच तीस अंशांत आणलं तर त्याला मिळालेली थंडी वाया जाऊ शकते, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर मग कोल्हापुरात ते फुलवायचंच असेल तर काय? खोटा हिवाळा द्यायचा. मी दिला आहे.

पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं. वाफाभर हिरवेगार झुबके, माझ्या नर्सरीत येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘ही कसली भाजी?’ एप्रिलच्या उन्हात एकेक बसत गेलं. दुसऱ्या वर्षी मी भावाच्या दुकानातला कोल्ड्रिंकचा जुना, काचेच्या दाराचा फ्रिज मागून आणला. काचेचाच का, तर आत ट्यूब असते. झाड थंडीत असलं तरी जिवंत असतं, त्याला थोडा उजेड लागतो. घरच्या फ्रिजमध्ये दार लावलं की अंधार, आणि दोन महिन्यांच्या अंधारात पानं पिवळी पडून सडायला लागतात.

वेळ अशी साधायची. बी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरा, पण पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली. आपला जुलै लोकांना नुसता पावसाचा वाटतो, पण ढगाळ हवा आणि विशी-पंचविशीतला पारा बघता या झाडाला तो विलायतेच्या उन्हाळ्यासारखाच आहे. ऑक्टोबरपेक्षा बरा. ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं. बी बारीक, तांबूस, लांबोळकं असतं. चिमूटभर बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरा, तळहातानं हलकं दाबा, मातीनं झाकू नका. उजेड मिळाला तर उगवण बरी होते. दोन-तीन आठवडे धीर धरा.

या दिवसात एकच शत्रू, रोपं कोलमडणं. संध्याकाळी उभी दिसणारी रोपं सकाळी जमिनीलगत करपून आडवी. दमट हवेत, झारीनं वरून पाणी घालणाऱ्यांकडे हमखास होतं. ट्रे पसरट घमेल्यात ठेवून खालून पाणी प्यायला द्या, वरचा थर अधूनमधून सुकू द्या, कोकोपीटमध्ये आधीच ट्रायकोडर्मा (रोगाला अटकाव करणारी उपयोगी बुरशी) मिसळा. चार पानांवर आली की चार इंची कुंडीत एकेक. इथं थोडं १९:१९:१९ दिलंत तर चालेल, तुमच्याकडे उरलं असेलच.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आठ-दहा पानांचा, मूठभर जाडीचा झुबका व्हायला हवा. घाई करू नका. कोबीच्या बाबतीत हे पक्कं माहीत आहे की दांडा पेन्सिलीइतका जाड झाल्याशिवाय थंडी दिली तर ती त्याला लागत नाही. लहान पोराला पोहायला शिकवल्यासारखं आहे, वय व्हावं लागतं. स्वीट रॉकेटलाही मी तोच नियम लावतो. नुसतं बी फ्रिजमध्ये ठेवून भागेल असं समजू नका. तुम्ही पहिल्या वर्षी पाकीट महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं म्हणता, त्यानं बी टिकलं असेल, हिवाळा मिळाला नाही.

मग फ्रिज. चार ते सहा अंश, आठ ते दहा आठवडे, दिवसाला आठ-नऊ तास ट्यूब चालू. पाणी अगदी कमी, पंधरवड्यातून एकदा, कुंडी हातात उचलून हलकी लागली तरच. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, पेरू ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळातनं इथिलीन वायू निघतो आणि पानं झडतात. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या दुसऱ्या आठवड्यातच आईनं दोन झुबके मुळ्याचा पाला समजून कापले आणि पिठलं-भाकरीबरोबर भाजी करून वाढली. मी दोन घास खाल्ल्यावर कडू का म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. त्यानंतर प्रत्येक कुंडीला लाल फडकं बांधलं.

नोव्हेंबरच्या शेवटी बाहेर काढा, पण थेट गच्चीवर नाही. पहिले दहा-बारा दिवस घराच्या उत्तर बाजूला, सावलीत, वारं लागेल अशा ठिकाणी. वर सांगितलं ते इथं कामाला येतं, दुपारचा चटका पहिल्याच आठवड्यात बसला तर दोन महिन्यांची वीज फुकट. मग सकाळचं ऊन द्या, अकरानंतर सावली. कुंडी आठ-दहा इंची, माती पाण्याचा निचरा होणारी. आपली काळी माती तिच्या थोड्या विम्लधर्मी गुणामुळं या झाडाला तशी मानवते, पण चिकट असते, म्हणून तिसरा हिस्सा बारीक खडी नाहीतर जाड वाळू मिसळा. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती आणली असेल तर मूठभर चुना टाका.

मला पहिला दांडा जानेवारीच्या अखेरीस दिसला. झुबक्याच्या मध्यातली पानं एका सकाळी थोडी उभट वाटली, बोटानं बाजूला केली तर खाली हिरव्या मण्यांसारख्या कळ्यांचा घोस. फेब्रुवारीत फुललं. सगळी रोपं नाही, निम्मीही नाही, आणि दांडा दीड फुटाच्या वर गेला नाही. पण संध्याकाळी सहा-साडेसहाला नर्सरीच्या फाटकापाशी वास आला. लवंगेचा, थोडा गुळचट. दिवसा नाक लावलं तर काही नाही. अंधार पडल्यावर पतंग आले, त्यांच्यासाठीच तो वास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उन्हानं घोस वाळायला लागले.

पुन्हा केलं का विचाराल तर नाही. फ्रिज भावाला परत दिला. मूठभर फुलांसाठी दहा आठवडे वीज जाळणं मला जड गेलं. हौस म्हणून एकदा करा, लेकीला फोटो पाठवा, पण दर वर्षीचं झाड म्हणून याच्या मागं लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला हवंय ते नेमकं काय? संध्याकाळचा वास आणि चार पाकळ्यांची फुलं, हेच ना? मग त्याच कुळातलं दुसरं झाड घ्या, ज्याला हिवाळ्याची अट नाही. मथिओला लाँजिपेटाला, बियाण्याच्या पाकिटावर ‘नाइट सेंटेड स्टॉक’. हे वर्षायू आहे, पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुलतं. दिसायला अगदी सामान्य, दिवसा तर पाकळ्या मुरगळून फिकट, मरगळलेल्या. पाहुणे आले तर म्हणतील पाणी घालायला विसरलात. संध्याकाळी त्याच पाकळ्या ताठ उघडतात आणि वासानं गच्ची भरते. दसऱ्याच्या आसपास, परतीचा पाऊस ओसरला की थेट मोठ्या कुंडीतच पेरा. मूळ सरळ खाली जातं, रोप उपटून लावलेलं याला खपत नाही. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा पेरलंत तर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वास राहील. आपल्या थंडीला हे पुरेपूर मानवतं.

आता त्या चुकीच्या पाकिटाची गोष्ट. एका दुकानातून मी याचंच महागडं पाकीट घेतलं. झाडं जोमानं वाढली, कमरेपर्यंत आली, फुलली तर पिवळीधमक. साधी मोहरी! त्याच कुळातलं दिलं म्हणून दुकानदाराला दोष तरी काय देणार. तेव्हापासून पहिली शेंग धरली की बघतो. नाइट सेंटेड स्टॉकच्या शेंगेच्या टोकाला दोन बारीक शिंगं असतात, एकमेकांकडून बाजूला वळलेली, बैलाच्या शिंगांसारखी. मोहरीच्या शेंगेला एकच चोच. ती शिंगं दिसली की पैसे वाया गेले नाहीत असं समजावं.

याच्याबरोबर कडेला ॲलिसम लावा. पांढरा गालिचा, मधासारखा वास, मधमाश्या सुटत नाहीत. तेही मोहरीचंच. कँडिटफ्टही त्यातलंच, त्याच्या चार पाकळ्यांत बाहेरच्या दोन मोठ्या आणि आतल्या दोन छोट्या, घोसाकडे बघितलं की लगेच कळतं. साधं स्टॉक, म्हणजे फुलवाले थंडीत आणतात ते भरगच्च घोसाचं, आपल्याकडे येतं पण बुटकं राहतं. त्यात एकेरी आणि दुहेरी अशी दोन्ही रोपं साधारण निम्मी-निम्मी निघतात. दुहेरी फुलात पुंकेसरही नाहीत आणि शेंगही धरत नाही, त्यामुळं एकेरी फुलं बघून नर्सरीवाल्याशी भांडू नका, बी त्या एकेरीतूनच मिळतं.

आणि अगदीच सोपं हवं असेल तर स्वयंपाकघरातली अळिवाची डबी उघडा. लाडवाचंच अळीव. ओल्या मातीवर शिंपडलं की बियांभोवती बुळबुळीत आवरण फुगतं आणि दोन-तीन दिवसांत हिरवं होतं. काही उपटून कोशिंबिरीत घाला, तिखट लागतं, आणि थोडी रोपं तशीच राखा. इवलीशी पांढरी फुलं येतील. नातवंडांना भिंग देऊन चार पाकळ्या मोजायला लावा.

कीड याची वेगळी सांगायला नको, कोबीला जी लागते तीच यांना. मावा शेंड्यावर, आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी पानं चाळणीसारखी करते. अळीला हात लावला की ती धाग्यावर लोंबकळते, तीच खूण. आपल्याकडचे शेतकरी कोबीच्या पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी लावतात, पतंगानं कोबी सोडून मोहरीवर अंडी घालावीत म्हणून. तुम्ही याचा उलटा अर्थ घ्या : फुलझाडांजवळ मोहरीची कुंडी ठेवू नका. गच्चीवर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला की पुरतं. फुलं उमलल्यावर मात्र फवारणी नको, मधमाश्या येतात.

आता लेकीनं आणलेल्या बियाण्याबद्दल, जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. परदेशातून बी सामानात घालून आणायचं नसतं. प्लँट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश आहे. त्यानुसार आयात परवाना आणि ज्या देशातून बी येतंय तिथल्या खात्याचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदाचा खेळ नाही. मोहरीच्या कुळाचा घाण्या रोग बियाण्यातूनच पसरतो. कोबीच्या पानाच्या कडेपासून आत शिरणारा पिवळा ‘व्ही’, शिरा काळ्या, मग सडका वास. ज्यांचा वाफा यानं गेला त्यांना विचारा. म्हणून कोबीचं बी ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पेरण्याची शिफारस असते. तुमच्या गच्चीपासून शेजारच्या कुणाच्या कोबीच्या तुकड्यापर्यंत पोचायला या रोगाला पाऊस आणि वारा पुरतो. जी दोन वर्षं तुम्ही लावलंत त्यात तसलं काही दिसलं नाही, हे बरं झालं. पण पुन्हा आणू नका.

आणि पन्हाळा. तिथं बी टाकू नका म्हटलं ते दोन कारणांनी. एक तर उपयोग नाही. गडावर वारा बोचतो, पहाटे हात गारठतात, पण तो गारठा महिना-दोन महिने रात्रंदिवस टिकत नाही, आणि या झाडाला तेच लागतं. तिथं तुम्हाला कोल्हापुरापेक्षा देखणे झुबके मिळतील, एवढंच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हे फूल युरोपातून अमेरिकेत बागेसाठी गेलं आणि कुंपण ओलांडून रानात घुसलं. तिथल्या काही राज्यांत आज ते घातक तण म्हणून धरलं जातं, आणि तरीही ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत ते सापडतं. झाडामागं शेकडो बिया पडतात. आपल्या थंडीत ते फुलणार नाही हे मीच सांगितलं, मग भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. पण एखादं रोप थंडीची अट सोडून देऊही शकतं. मोहरी-मुळ्याच्या बाबतीत माणसानं निवडून निवडून तेच तर केलंय. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं तेव्हा तेही एक झुडूपच होतं.

पन्हाळ्याच्या शेजारीच मसाई पठार आहे. सप्टेंबरात तिथं जाऊन गुडघ्यावर बसलात तर वीतभर जागेत पाच-सहा प्रकारची फुलं मोजता येतात. कातळावरची बोटभर माती, पावसावर चार महिने जगणारी झाडं. तिथं बाहेरचं एक दांडगं झाड घुसलं तर त्या छोट्यांना जागा उरत नाही. शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफी लावून बघितली, हे मला माहीत आहे आणि लोक मला ते ऐकवतातही. पण ती मळ्यात, राखणीखाली लावली होती, मुठीनं भिरकावली नव्हती.

तेव्हा असं करा. पाकिटात उरलेलं बी या जुलैत फ्रिजच्या प्रयोगाला वापरायचं असेल तर वापरा, नसेल तर कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, चुलीत टाका. प्रयोग केलात तर फुलं वाळायला लागताच, शेंगा हिरव्या असतानाच दांडे कापा. शेंग बोटभर लांब, बारीक, बियांच्या जागी किंचित फुगलेली दिसेल. पिवळी पडेपर्यंत वाट बघितलीत तर ती उकलून बी गच्चीखालच्या गटारात गेलेलं असेल. आणि दसऱ्यानंतर नाइट सेंटेड स्टॉकचं बी घ्यायला आलात तर पाकीट माझ्यासमोर फोडा, मोहरीचा दाणा गोल असतो आणि याचा चपटा. दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.